ना हरकत

महानंदा बिरादार. बारा वर्षं वकिली, इंडी कोर्ट.
माझ्या टेबलाशी उभ्यानंच
नवा पत्ता सांगते : विजापूर रोड, सैफुल.

मी टाइप करतो,
‘माझ्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही.’
ती शब्दावर बोट ठेवते.
प्रलंबित म्हणजे?
बाकी, मी म्हणतो.
हां, बाकी.

सनद बंगळूरची, अर्ज दिल्लीला,
नाव चढायचं मुंबईच्या वहीत.
सात महिने झाले, कागद वाटेतच.
तोवर ही दुसऱ्याच्या खुर्चीमागे बसते,
काळा कोट घडी करून मांडीवर.

तिकडं हिनं पोटग्या मिळवून दिल्या,
भावाभावांतले बांध सरळ केले,
एका साहेबाला तर निकाल पुन्हा वाचायला लावला.
टाकळीचा पूल ओलांडला
आणि भीमेनं सगळं ठेवून घेतलं,
जकात घ्यावी तसं.

वादी, प्रतिवादी, तारीख मात्र
त्याच पुलावरून सरळ चालत आले,
कुणी दाखला मागितला नाही.
जामीनला तिच्या तोंडी एक उकार जास्त, एवढंच.

आणि मी तरी कुठला?
आजोबा करीमनगरहून आले, खांद्यावर फणी.
गिरणीवाल्यानं हात बघितले, धोटा दिला.
आज मी लोकांच्या मराठीतल्या
वेलांट्या दुरुस्त करतो, पानाला तीस रुपये.

सही करताना ती कन्नडात सुरू करते,
थांबते.
चालते का?

नियम मला माहीत नाही.
करा, म्हणालो,
स्टॅम्पपेपर आहे,
खाडाखोड नको.