जसं होतं तसं

खापरी नळ हातभर लांब,
एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं,
म्हणजे एकाच्या घशात दुसऱ्याची मान बसते.
बापाने एवढंच सांगून ठेवलं होतं.
बाकी मला गणपती येतात, रांजण येतात,
आणि हायवेच्या ढाब्यांना लागणारी दह्याची मडकी.

तांबोळी मॅडम आल्या पुरातत्त्वच्या गाडीतून,
मांडीवर एक फुटका नळ, तान्ह्यासारखा धरलेला.
म्हणाल्या, असे साडेतीनशे पाहिजेत.
पीव्हीसी नाही, सिमेंट नाही.
वास्तू यादीत आलीय.
जसं होतं तसं करायचं.

पहिले चाळीस भट्टीत तडकले.
पुढचे वीस वाकले, काकडीसारखे.
मग जुन्या नळाच्या पोटात बॅटरी मारली
तर आत लाकडाच्या रेषा उमटलेल्या.
चाकावरचं कामच नव्हतं ते.
बाभळीचा ओंडका तासून घेतला, त्यावर माती गुंडाळली,
आणि एकसष्टावा नळ टिचकीला वाजला.

तिकडे हैबती गवंडी चुना मळत होता,
गूळ, बेलाचा गर, उडदाचं पाणी.
त्याची बायको म्हणाली,
घरात डाळ शिजंना, आन् भित्ताडाला आमटी.

खटावच्या ह्या कडेला डोंगरात झरा,
तिथून पेठेच्या हौदापर्यंत नळ,
वाटेत सात उसासे.
उसासा म्हणजे दगडी मनोरा, दीड पुरुष उंच.
पाणी त्यात चढतं, वारा सोडतं,
पुन्हा उतरून पुढं चालू लागतं.
पाचवा उसासा केराबाई रणदिव्यांच्या परड्यात.
नळ अख्ख्या वस्तीच्या खालून गेलेला.
तोटी एकही नाही.
दोनशे वर्षं पाणी इथं
फक्त दम खायला थांबलं.

केराबाईंनी चहा आणला.
कप देता देता विचारलं,
मॅडम, जसं होतं तसं म्हंजी
किती तसं?
मॅडमच्या हातातला टेप खटकन आत गेला.
आम्ही सगळे आपापल्या चहात बघत राहिलो.
आजी माजी ह्या दगडाला कान लावून बसायची, त्या म्हणाल्या,
पानी वाजतंय म्हनायची.

तीन दिवसांनी शेवाळ खरवडताना
हैबतीची थापी तळाशी अडखळली.
एक भोक, बोटभर, चुन्याने बुजवलेलं.
शेजारी दुसरं, तेही बुजवलेलं, वेगळ्या चुन्याने.
तिसरं तिरकं, घाईघाईचं,
त्यात शिसं ओतलेलं.
रात्री कोणी पाडलं असेल,
दिवसा कोणी बुजवलं असेल,
कोणी बोललं नाही.

मॅडम उकिडव्या बसल्या. मोजलं. वहीत लिहिलं:
उसासा क्रमांक पाच. छिद्रे तीन, मानवनिर्मित.
काळ अनिश्चित.
वास्तूच्या इतिहासाचा भाग म्हणून जतन करावीत.

हैबतीने डोक्यावरचा टॉवेल काढला.
जतन म्हंजी बुजलेली का उघडी?

पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं, शाईचा ठिपका पसरला.
मग त्यांनी एक ओळ लिहिली आणि वही मिटली.
मला एवढंच सांगितलं,
एक नळ जास्तीचा भाजाल? बारीक. तिरका.
बिलात धरू नका.

पाणी सोडलं त्या दिवशी
चौथ्या उसाशापर्यंत आलं आणि बसलं.
माझाच एक सांधा गळत होता.
कापूस, चुना, तेल, शिव्या, सगळं भरलं.
दिवेलागणीला पाचव्यातून आधी वारा आला,
मातकट, कोंडलेला,
मग काहीच नाही.

केराबाई कळशी ठेवून पुढं झाल्या,
सवयीनं दगडाला कान लावला.

कान भिजला.