केस अजून ओले आहेत

रुमाल काढायला तिनं नकार दिला नाही,
नुसती डॉक्टर हेनोकडे बघत राहिली
तो उठून बाहेर जाईपर्यंत.
पेइप्सी सरोवराकाठची, जुन्या पंथाची बाई.
हनुवटीखालची पिन काढून दातांत धरली,
रुमालाची घडी केली, आणखी एक घडी,
मांडीवर ठेवली.

मी टोपी चढवली. बत्तीस भोकं, बत्तीस तारा,
भोकाभोकात थंडगार जेल.
पट्टा आवळताना ती पिनेआडून रशियनमध्ये म्हणाली,
गाठ नको. आम्ही गाठ मारत नाही.
माझं रशियन शाळेपुरतं. तेवढं कळलं.

क्रमांक एकोणीस. येवदोकिया. वय अठ्ठावन्न.
अकरा वर्षं आवाज ऐकू येतात.

कानांत सूर सोडले: टी टी टी टी टी
टी टी
टू.
त्या एका परक्या सुराला मेंदू दचकतो म्हणे,
माणसाचं लक्ष नसलं तरी.
शेकडो वेळांची सरासरी काढली
की रेघेत एक दरी पडते.
तिची दरी उथळ निघाली,
पावलाचा तळवा भिजेल एवढी.
अकरा वर्षं दारात परकेच उभे;
दचकायचं तरी किती?

समोर मुका सिनेमा लावला होता,
बर्फाखाली पोहणारे मासे.
बाराव्या मिनिटाला कपाळावरच्या तारा उसळल्या,
पडदाभर डोंगर.
डोळ्यांचा दोष, मी लिहिलं, आणि तो तुकडा कापला.
रडणं मेंदूचं धरत नाहीत आमच्याकडे,
पापणीचं धरतात.

यंत्र बंद केलं. किटलीतलं पाणी बादलीत ओतलं,
कोपरानं बघितलं.
जेल वाळला की खळीसारखा चिकटतो,
बोटांनीच सोडवावा लागतो, बटेबटेनं.
तिची मान हळूहळू माझ्या तळहातावर आली,
जड, कांद्याच्या भरल्या टोपलीसारखी.

आणि तशीच, डोळे मिटून, ती बोलू लागली.
यंदा कांदे लवकर मोडावले.
सरोवरावरचा बर्फ रात्री कण्हतो.
मग म्हणाली, तो वेगळा सूर
ऐकला मी, दर वेळी ऐकला.
एवढ्या सगळ्यांत एकटाच बिचारा,
त्याला आणखी कशाला घाबरवायचं
म्हणून हलले नाही.

हे कुठल्या रकान्यात लिहू?
बादलीतलं पाणी निवत चाललं होतं.
डॉक्टरनं दारावर टकटक केली.
थांबा, म्हणाले मी,
केस अजून ओले आहेत.