टांगणी

ओस्त्रोवच्या वाळूखडकांत, सप्टेंबरात,
दोन सुळक्यांच्या मध्ये चौतीस मीटर लांब
आणि माझ्या अंगठ्याहून जरा रुंद
अशी एक पट्टी ताणलेली.
तिच्या खाली ढिली सोडलेली तिची जुळी बहीण,
पहिली तुटली तर म्हणून.
ओताकार सगळ्या गाठी तीनदा तपासतो,
थर्मासचं झाकण उघडतो,
आणि मग माझ्याकडे बघत नाही.

हा त्याचा शिष्टाचार.

मी दात बनवते, देचीनच्या एका प्रयोगशाळेत.
आधी मेणाचे, मग चिनीमातीचे,
दुसऱ्यांच्या तोंडात बसणारे.
दिवसभर माझा हात केसभरही हलत नाही.
इथे पहिल्याच पावलाला
गुडघा शिवणयंत्रासारखा चालू होतो.

गेल्या शनिवारी ओताकार म्हणाला होता,
आधी मुद्दाम पडून घे, मग चाल.
मी तासभर पट्टीवर बसून राहिले.
मुद्दाम काही पडता येईना.
शेवटी ढुंगणाने सरकत परत आले, आणि
घरी जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच.

आज उभी राहिले.
वारा आला की पट्टी गुणगुणते,
तळपायातून सूर चढतो तो थेट दाढेपर्यंत.
नजर पलीकडच्या लोखंडी कडीवर.
कडी ही जगातली एकुलती एक वस्तू आहे
तोवर सगळं ठीक.

सात पावलं. आठ.
मग कडी हलली.

म्हणजे मी.

भीती वाटत नाही का, असं प्रयोगशाळेतल्या बायका विचारतात.
वाटते ना. पडण्याआधी वाटते,
ओटीपोटात ठेवलेल्या थंड चमच्यासारखी.
पडताना नाही. तिथे तिला बसायला जागाच नसते.

पायाखालची जमीन सरकली म्हणावं,
तर जमीन चाळीस मीटर खाली आपल्या जागी होती,
नेच्यांनी झाकलेली, कशातच नसलेली.
आधी आवाज गेला.
पोट माझ्याहून उशिरा निघालं,
क्षणभर वरच थांबलं, पट्टीच्या शेजारी,
जावं की न जावं न ठरलेल्या पाहुण्यासारखं.
हात पंख व्हायला गेले, झाले नाहीत.
एक पाइन उलटा गेला.
माझ्या दोन अनवाणी तळव्यांच्या मधोमध एक ढग आला,
आणि त्या एका सेकंदात
(ओताकार म्हणतो, एकही नसेल)
कुणालाच माझ्याकडून काही नको होतं.
दात नको, उत्तर नको,
तोलसुद्धा नको.

मग दोरी.
गर्दीत हरवलेल्या पोराचं बखोट धरावं तशी.
वर, खाली, वर. दोन कड्या पट्टीवर खणखणत धावल्या,
आणि माझं वजन मला परत मिळालं,
अठ्ठावन्न किलो, पावतीशिवाय.

जीव टांगणीला लागणं म्हणजे
वाट बघणं, असं मी समजत होते.
इथे बघायला काही उरलं नव्हतं.
मी नुसती झुलत होते
आणि हसू आवरत नव्हतं.

खाली नेच्यांत एक बाई मान वर करून उभी.
डोक्याला निळा रुमाल, हातात वेताची टोपली,
टोपलीत अळंब्या.
तिने ओरडून विचारलं,
"काही पडलं का तुमचं?"

"मी!"

तिने विचार केला. टोपली दुसऱ्या हातात घेतली.
"मग सापडलात का?"

उत्तराला दम नव्हता.
दोरीवरून वर चढायचं म्हणजे
स्वतःलाच विहिरीतून शेंदायचं,
एक हात, दुसरा हात, मग पट्टीला गुडघा अडकवून उलटं लटकायचं,
शिव्या द्यायच्या, पुन्हा.
वर बसले तोवर रुमाल झाडांत गेला होता.
तळहातावर दोरीचा लाल वळ.

"मुद्दाम पडलीस?" ओताकारने पाठीमागून विचारलं,
चहा ओतत, अजून न बघता.

"नाही," मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता प्रश्न पडला.

कडी समोर होती.
ऊन तिच्यावरून उतरायला लागलं होतं.
उजवा पाय वर घेतला.