चौथं वळण

पहाटे पाचला येळ्ळूरच्या वेशीत
कुत्रं एकदाच भुंकतं, ओळख पटली की गप्प.
इरण्णा हत्तरगी विजेच्या खांबाला पाय लावून
पोटऱ्या ताणत उभा असतो.
"नडी," म्हणतो.
त्याच्या भाषेत चल आणि चाल एकच.

दोघंही उद्यमबागेतले. तो लेथवर,
मी फौंड्रीत, वाळूच्या साच्यात
तीस वर्षं तापलेलं लोखंड ओतणारा.
मला वाटायचं घाम हाच व्यायाम,
आठ तास निथळतोय माणूस, आणि काय पाहिजे?
डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडं फिरवला.
साखर दोनशे ऐंशी.
"घाम उकाड्याचाही येतो, काका.
काळजाला दम लागला पाहिजे. रोज, थोडा,
आणि तुमच्या मर्जीनं."

मर्जीनं.
हा शब्द मी खिशात घालून घरी आणला.
हे अंग तर कायम दुसऱ्याच्या हुकमानं हललेलं:
आधी तालमीत वस्ताद, मग भोंगा, मग हप्ते.
लग्नाच्या वर्षी लंगोट खुंटीला टांगला तो टांगलाच.
पैलवानकीचा पुरावा एवढाच उरला,
एक फुटका कान.

पहिल्या दिवशी राजहंसगडाच्या पायथ्यालाच बसलो.
दुसऱ्या आठवड्यात पहिलं वळण.
पावसाळ्यात तिसरं, छत्री मोडली तिथंच.
दिवाळीच्या आधी भारतानं मोळा तापवून
माझ्या पट्ट्याला नवं भोक पाडलं,
आतल्या बाजूला.
काही बोलली नाही, खरं पट्टा दोनदा लावून बघितला.

बाप्ये समोरासमोर बसले
की भाताचा दर बोलतात.
शेजारी शेजारी चालले, नजर रस्त्यावर,
उजेड अजून व्हायचाय,
तर तिसऱ्या वळणाला काहीतरी सैल होतं.
तिथंच इरण्णा म्हणाला, पोरगा फोन करत नाही.
तिथंच मी सांगितलं, जे भारतालाही
धड सांगता आलं नव्हतं,
साखरेनं पुरुषाचं काय काय नेलं ते.
तो हसला नाही.
"ननगू," म्हणाला. मलाही.
मग वरपर्यंत फक्त बुटांचा आवाज.

कापणीच्या दिवसांत, एका मंगळवारी,
खालून बासमतीचा वास चढत होता,
चौथ्या वळणाला इरण्णा थांबला.
एवढंच झालं.
हात कमरेवर, म्हणाला, बूट टोचतोय.
परक्याला पटलं असतं.
खरं आठ महिने मी त्याचा श्वास ऐकत आलोय.
त्या वळणाला तो थांबत नाही,
थांबतो मी, आणि तो माझ्यावर ओरडतो.
कपाळाला हात लावला. गार.
थंडीत घाम.
"साकु," म्हटलं, "उतर."

मजुकराच्या दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मध्ये,
त्याचं डोकं माझ्या खांद्यावर,
आणि गाडी प्रत्येक खड्ड्याला विचारून चाललेली.
दोन नळ्या अरुंद झालेल्या. दोन स्प्रिंगा बसवल्या.
वेळेत आणलात, म्हणाले.

चहाच्या गाड्यावर लोक बोललेच:
बघा, एवढं चालून काय उपयोग?
मी बशीत चहा ओतला.
कसं सांगू? चालणं म्हणजे चिलखत नव्हे.
विहिरीच्या आत दगडावर खुणा असतात,
रोज वाकून बघणाऱ्यालाच कळतं
पाणी कधी उतरलं.

आता त्याला चढ बंद.
सपाटीनं ओढ्याच्या पुलापर्यंत जातो आम्ही,
सावकाश. मधेच तो कठड्यावर बसतो,
आणि मी बैठका काढतो.
मोजायचं काम त्याचं.
वंदू, एरडू, मूरू...
हत्तू आलं की मुद्दाम चुकतो,
परत येळूवर येतो.
मला कळतं.
गुडघा कुरकुरतो, फुटका कान तापतो,
मी खाली बसतो, उठतो.