सात मिनिटं

चपला पडवीत काढा.
तळव्यांची लाल माती झटका, आणि आता बोलणं नको.
आडकर सर चौथीला अपूर्णांक शिकवतायत.
मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं,
सात मिनिटं.
माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, तेवढं धरा.

वहीत 'छान' लिहू नका.
'शिस्त बरी' लिहू नका, 'फलकलेखन सुबक' तर नकोच,
ते साहेब येतात तेव्हाचं.
सरांकडे फार बघू नका,
खडू आत्ताच दोनदा मोडलाय त्यांचा.
एक मूल निवडा आणि त्याच्याकडे बघा,
तांडेल पाण्याकडे बघतो तसं.
तो काही पाण्याला मार्क देत नाही.
कुठे काळवंडलंय, कुठे पाखरं उतरतायत,
एवढंच बघतो
आणि मग जाळ्याचं ठरवतो.

मुकादम सरांनी खिडकीकडची मुलगी निवडली.
खवणेकर बाईंनी कुणालाच नाही,
त्या फळाच वाचत राहिल्या.
पहिल्या दिवशी होतं असं.

नंतर पाण्याच्या टाकीपाशी बसलो.
सर्जेकोटच्या बंदरात बर्फाचा टेम्पो लागला होता,
त्याच्या घरघरीवर आवाज चढवून मुकादम सरांनी वाचलं :
'रेश्मी मेथर. हात तीनदा वर, खांद्यापर्यंतच.
आठ पेट्यांचा पाव भाग बाकाखाली बोटांवर काढला.
दोन, असं स्वतःशी म्हणाली.
मग हात ओढणीत.'

आडकर सर ऐकत होते. निवृत्तीला दीड वर्ष.
मला वाटलं, रागावणार.
ते चष्मा पुसत म्हणाले,
"तिचो बापूसय माझ्याच वर्गात होतो.
हात असोच धरी. अर्दो."
पुढे कुणी काही बोललं नाही.
टेम्पो केव्हा गेला तेही कळलं नाही.

आता माझ्या वर्गात या,
हे म्हणायला मला आठवडा लागला.
लागला, काय करू,
मुख्याध्यापिकेच्या खुर्चीला हात असतात,
ते सुटत नाहीत लवकर.

आडकर सर आले, मागे उभे राहिले,
दोरीचा चष्मा नाकावर.
जाताना खिचडीच्या हिशेबाचा पाठकोरा कागद
टेबलावर ठेवून गेले. पेन्सिलीनं लिहिलं होतं :
'बाई, प्रश्न नऊ.
सातांची उत्तरं तुम्हीच दिलीत.'
त्याखाली एकदा खोडून पुन्हा लिहिलेलं :
'मीही देतो.'

आज सातवीला विचारलं,
भरतीच्या वेळी खाडीचं पाणी खारट का होतं?
आणि तोंड मिटलं.
केवढं जड असतं ते, मिटलेलं तोंड.
खाडीच्या मुखाशी एक होडी बाहेर निघाली होती,
तिच्या इंजिनाचे ठोके मी मोजत राहिले,
नऊ, दहा, अकरा,
उत्तर माझ्या जिभेवर आलेलं, मी गिळलेलं,
बारा,

मागच्या बाकावर कुणीतरी घसा खाकरला.