ओताकारचं पाणी

ओताकारची बहीण दफनभूमीतून थेट इकडे आली.
मी गेलो नव्हतो. कंबर.
कोटाच्या आत धरलेली प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत नऊ मासे. बाहेर उणे सहा.
"तुला द्यायला सांगितलं होतं," एवढंच म्हणाली
आणि बुटांवरचा बर्फ न झटकता वळली.

ओस्त्रावातल्या या तळघरात
कोळशाच्या खोल्यांमध्ये टाक्या मांडून
आम्ही वीस हिवाळे काढले.
तो बजावायचा:
परक्याचं पाणी आपल्या टाकीत नको, थेंबसुद्धा नको.
मासा घ्यावा, पाणी मोरीत.
सख्ख्या भावाचं असलं तरी.

पिशवी दिव्यासमोर धरली.
शेपट्यांवर, कल्ल्यांच्या कडेला
रवा सांडावा तसे पांढरे ठिपके.
शेवटचे दोन महिने तो इस्पितळात,
टाक्यांकडे बघणार कोण?

वेगळी टाकी काढली. उघडा तळ, वाळू नाही, झाड नाही.
वेगळी जाळी, वेगळी बादली, हात पुसायला वेगळं फडकं.
पारा रोज अंश-अंशानं चढवत तीसवर नेला.
मीठ मोजून, हिरवं औषध थेंब मोजून,
माझी नखं अजून हिरवीच आहेत.
उजेडात औषधाचा जोर जातो, म्हणून
टाकीवर ट्राम डेपोतला माझा जुना कोट.

उरली पिशवी.
तळाशी दोन पेले पाणी, चहासारखं पिवळट,
त्याच्या टाकीतल्या लाकडाचा रंग.
मोरीशी किती वेळ उभा होतो कोण जाणे.
वर कुणीतरी रेडिओ लावला, बंद केला.
ओतलं.
तिकडे सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली असेल,
माझ्या वाट्याला हे.

अंगात रुतलेल्या किडीला औषध लागत नाही.
कातडीखाली घर करते ती.
पिकली की गळते, तळाशी बसते, एकीच्या शेकडो होतात,
आणि त्या नवं अंग शोधत पोहायला लागल्या
की त्या दिवस-दीड दिवसात गाठायचं.
म्हणून ठिपके गेले तरी हात आवरायचा नाही.
बरं दिसणं वेगळं, बरं होणं वेगळं,
हे आम्ही माशांबद्दल बोलायचो.
ऑगस्टमध्ये तोही बरा दिसत होता.

चौथ्या रात्री एक गेला.
वर्तमानपत्रात गुंडाळला, क्रीडापानात.
बाकीचे आठ
आधी कोपऱ्यात अंग घासत, मग नुसते तरंगत,
मग एका सकाळी भांडताना दिसले.
इतका आनंद मला कुणाच्या भांडणानं झाला नव्हता.

आज एक्केचाळिसावा दिवस.
चाळीसच ठरले होते.
कोट काढला, पाणी नितळ, अंगं नितळ.
ओताकार खाणं टाकण्याआधी
काचेवर नखानं दोनदा वाजवायचा.
मी कधीच वाजवत नाही.
वाजवलं.
आठही वर आले.

जाळी हातात घेतली होती.
पुन्हा खिळ्याला लावली.
उद्या बघू.