तोवर

शिट्टी माझ्याकडं असते.
तालमीच्या मागच्या खोलीत, मुदगलांशेजारी,
हवा गेलेल्या सात चेंडूंच्या वर, खिळ्याला.
नवा कोच आला की मोमीनच्या गाडीवर
चहाच्या आधी तिला पाण्यात उकळून घेतो.
या हंगामात तीनदा उकळली.

सासने मास्तर बावीस वर्षं होते.
त्यांचे पुढचे दोन दात बाहेर,
शिट्टीच्या तोंडावर त्यांच्याच दोन खाचा.
आखाड्याच्या कडेला उकिडवं बसून
तांबड्या मातीत काडीनं मैदान काढायचे:
तू इथं. तू ह्याच्या मागं.
आणि तू घरी जा, रात्री झोपलेला नाहीस.

पाच सामने हरलो. एक बरोबरीत,
तोही समोरच्या गोलकीपरची मेहरबानी.
मिटिंग मारुतीसमोरच झाली.
मी दारात, चपलांच्या राशीजवळ.
कुणी आवाज चढवला नाही.
तेव्हाच समजलं, मास्तर गेले.
पूर्वी या तालमीत खुर्च्या उडायच्या
आणि रविवारी आम्ही जिंकायचो.

त्याच आठवड्यात आण्णाही गेले, अध्यक्षपदावरून.
कुस्तीनं मोडलेले कान, गल्लीच्या वर्गणीचा डबा,
सगळं घेऊन आता गॅलरीत बसतात,
शेंगा सोलतात, खात नाहीत.
नवे अध्यक्ष धनपाल मगदूम, पाइपांचे डीलर.
जर्सीवर आमच्या वाघाच्या जागी पाइप आला.
पगार मात्र पाच तारखेला होतो, खोटं कशाला बोलू.

मग गोव्याहून मिनेझिस सर.
लाइन वर घ्या, लाइन वर घ्या, दिवसभर.
पोरं वर बघायची.
रस्सा त्यांना सोसला, थंडी सोसली,
कमिटीचे रात्री अकराचे फोन सोसले नाहीत.

मग बेळगावचे सुभेदार हलगेकर, एकोणीस दिवस.
कुणी काढलं नाही त्यांना.
एका सकाळी शिट्टी खिळ्यावर होती,
दोरीत अडकवलेली चिठ्ठी:
मुलं चांगली आहेत. बूट घ्या.

काल रात्री मगदूमसाहेबांचा फोन.
नवीन माणूस बघतोय. तोवर तू उभा राहा.
कुठं, म्हटलं.
रेषेवर. कुणीतरी दिसायला पाहिजे.

मी एकसष्टचा. जन्मात एक सामना खेळलो,
बदली म्हणून, शेवटची अकरा मिनिटं.
चेंडू दोनदा लागला, एकदा हाताला.
मोज्यांचे जोड लावणं येतं मला,
लिंबू कापणं, कुणाच्या बुटाची कुठली नाडी तुटणार ते.

पहाटे गांधी मैदानावर गेलो.
मास्तर बारकी पोरं पळवत होते,
खांबांऐवजी विटा मांडलेल्या.
विचारलं, मास्तर, सांगू काय पोरांना?
ते विटा सरळ करत राहिले.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
ओबिनाला विचार, पाठ दुखते काय.
बस, एवढंच. आणि मग एका पोराला ओरडले.

म्हणून आज, सामन्याच्या आदल्या दिवशी,
पहिल्यांदा ओबिनाकडं गेलो.
तीन वर्षं झाली, लागोसची आई व्हिडिओवर बघतो,
गल्लीतल्या आयांच्या हातचं खातो.
पाठ दुखतीय काय रे?
त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं.
दुखतीय की, म्हणाला. दिवाळीपासनं.

दिवाळीपासनं.
तीन कोच, दोन अध्यक्ष, एक पाइप.

खिशातनं शिट्टी काढली.
आज उकळली नव्हती.
माझ्या पुढच्या दातांचा पत्ता नाही,
ती ओठांतच धरावी लागली,
मास्तरांच्या खाचा ओठांना लागल्या.
वाजवली.

बावीस पोरं जिथल्या तिथं थांबली
आणि माझ्याकडं बघायला लागली.